शेजारी मोठा गृहप्रकल्प येतोय? बागा, मैदानं आणि पायवाटांची गरज कशी मोजायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. या गावांत आणि त्यापलीकडच्या पट्ट्यात काल जिथे ज्वारी उभी होती तिथे आज पत्र्याचं कुंपण दिसतं. कुंपणावर प्रकल्पाचं रंगीत चित्र असतं आणि त्या चित्रात हिरवळ भरपूर असते. ती हिरवळ नेमकी किती, कोणासाठी आणि येणाऱ्या माणसांना पुरणार का, हे मोजायचं काम मी गेली काही वर्षं नागरिकांच्या गटांबरोबर करते आहे. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं पुण्याच्या आसपासची आहेत. नियम मात्र मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू असलेल्या, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतले आहेत. लोक तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, मीही तसंच म्हणते.

दहा टक्के मोकळी जागा सोडायची असं नियमातच आहे. मग वेगळी गरज मोजायची कशाला?

कारण ते दहा टक्के जमिनीचे आहेत, माणसांचे नाहीत. सगळी गोम इथेच आहे, म्हणून हे उत्तर थोडं सविस्तर देते.

यूडीसीपीआरनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट करताना, डीपी रस्ते (शहराच्या विकास आराखड्यात आखलेले रस्ते) आणि आरक्षणं (त्याच आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा) वजा करून उरलेल्या क्षेत्राच्या १० टक्के जागा करमणुकीची मोकळी जागा म्हणून सोडावी लागते. जागा २ हेक्टरच्या वर असेल तर आणखी ५ टक्के ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीची जागा. आता ५ हेक्टरची एक जागा धरा. हिशेब सोपा जावा म्हणून तिच्यातून डीपी रस्ता जात नाही असं समजू. मोकळी जागा झाली ५,००० चौरस मीटर. या जागेवर १,५०० फ्लॅट होणार आहेत. घरटी ४ माणसं धरली तर ६,००० माणसं. ५,००० भागिले ६,००० म्हणजे माणशी ०.८३ चौरस मीटर. घरातली एकट्याची चटई पसरली तर ती दीडेक चौरस मीटर भरते. म्हणजे माणशी अर्धी चटई.

एवढ्यावर थांबत नाही. उद्या त्याच जागेला जास्त एफएसआय, म्हणजे जागेच्या जास्त पट बांधकाम करायची मुभा, मिळाला (मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात तो ४ पर्यंत जाऊ शकतो) आणि फ्लॅट २,५०० झाले, तर माणसं १०,००० होतील. मोकळी जागा ५,००० चौरस मीटरच राहील. मजले वाढतात, टाक्या वाढतात, पार्किंगचे मजले वाढतात, बाग मात्र तेवढीच. नियमाचं शंभर टक्के पालन होऊनही मुलांना खेळायला जागा नाही, हे असं घडतं. बिल्डर नियम मोडतो आहे असं गृहीत धरून अनेक जण लढायला जातात आणि नकाशा नियमात बसतो म्हटल्यावर गप्प होतात. नियम पाळला का, हा एक प्रश्न. जागा पुरेल का, हा दुसरा. आपल्याला दुसऱ्याचं उत्तर काढायचं आहे.

मग माणशी किती जागा असावी?

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये (‘यूआरडीपीएफआय’ या नावाने ती ओळखली जातात) माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. ही तत्त्वं आहेत, सक्ती नाही. तरी हरकत लिहिताना ती जवळ असावीत. गंमत अशी की अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९६५ पासूनचा एक कायदा नव्या वसाहतींकडून दर हजार माणसांमागे ३ एकर बागेची जागा मागण्याची मुभा स्थानिक संस्थांना देतो. तो आकडाही माणशी १२ चौरस मीटरच्या आसपासच येतो. तिथे तो माणसांना जोडलेला आहे, आपल्याकडे जमिनीला. फरक तेवढाच आणि तोच मोठा.

वरच्या ५ हेक्टरच्या उदाहरणात १० चौरस मीटरने हिशेब केला तर ६,००० माणसांना ६ हेक्टर लागतील. प्रकल्पाची अख्खी जागाच ५ हेक्टर! तेव्हा सगळी गरज प्रकल्पाच्या आतच भागवा, असं म्हणण्यात अर्थ नाही. आकडा दोन भागांत तोडायचा. घरापासून चालत गाठता येईल असं आधी बघायचं, शहराच्या मोठ्या उद्यानांचं नंतर.

त्याच मार्गदर्शक तत्त्वांत वस्तीपातळीचं माप आहे: दर ५,००० माणसांमागे अर्ध्या हेक्टरची बाग आणि अर्ध्या हेक्टरचं खेळाचं मैदान. आपल्या ६,००० माणसांना बाग ०.६ आणि मैदान ०.६, मिळून १.२ हेक्टर. प्रकल्पात आहे ०.५. तूट ०.७ हेक्टर. हरकतीत हा आकडा लिहा. ‘बागा कमी आहेत’ या वाक्याला कोणीही ‘बघू’ म्हणतं. ‘०.७ हेक्टरची तूट कुठल्या सर्व्हे नंबरवर भरून काढणार?’ याला उत्तर द्यावं लागतं.

लोकसंख्या कुठून आणायची? बिल्डर तर सांगत नाही.

सांगतो, पण वेगळ्या कागदावर. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल तर पर्यावरण परवानगी लागते आणि तो प्रस्ताव ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर चढतो. पाणी किती लागणार, सांडपाणी किती निघणार हे काढण्यासाठी त्यात राहणाऱ्यांची संख्या धरलेली असते. तोच आकडा बागेसाठी वापरा. पाण्यासाठी एक लोकसंख्या आणि बागेसाठी दुसरी, असं चालत नाही. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर फ्लॅटची संख्या आणि मंजूर नकाशे तिथेही मिळतात.

वयाचे गट मात्र आपणच पाडायचे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६ वर्षांपर्यंतची मुलं सुमारे १२ टक्के आणि साठीपुढची माणसं सुमारे १० टक्के होती. ६,००० मध्ये ही ७२० मुलं आणि ६०० ज्येष्ठ. नव्या सोसायट्यांत तरुण जोडपी जास्त येतात. म्हणून मी मुलांचा आकडा कधीच खाली धरत नाही.

पोडियमवरची बाग, क्लब हाउस, इमारतीभोवतीची हिरवळ : हे सगळं मोकळ्या जागेत धरायचं का?

इमारतीभोवती सोडलेलं सामासिक अंतर धरायचं नाही. तिथून अग्निशमनाची गाडी फिरते. रस्त्याकडेच्या शोभेच्या झुडपांची पट्टीही धरायची नाही. तिच्यात कोणी बसत नाही आणि खेळत तर नाहीच.

पोडियमबद्दल, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबबद्दल, सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१३ चा एक निकाल माहीत असावा. मुंबई महापालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की नियमाने बंधनकारक असलेली करमणुकीची जागा जमिनीच्या पातळीवरच हवी, पोडियमवर बाग करायची असेल तर ती या किमान जागेच्या वर. निकाल मुंबईच्या तेव्हाच्या नियमावलीवर आहे, पण त्यामागचा विचार कुठेही पटण्यासारखा आहे. स्लॅबवरच्या दोन-तीन फूट मातीत वड, पिंपळ, कडुनिंब वाढत नाहीत आणि पावसाचं पाणी जमिनीत जिरत नाही. वर जायला लिफ्ट लागते, म्हणून खालच्या रखवालदाराची किंवा घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलं तिथे पोचतच नाहीत.

क्लब हाउस मोकळ्या जागेत ठरावीक मर्यादेपर्यंत बांधता येतं. माझा हिशेब असा: बांधलेलं क्षेत्र वजा, पोहण्याचा तलाव वजा, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर वजा. उरलेलं ते मैदान.

आसपासच्या बागा मोजताना किती अंतरापर्यंत जायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने सुचवलेलं माप मला सोयीचं वाटतं: किमान अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाचेक मिनिटांच्या चालीवर. पण ३०० मीटर नकाशावर कंपासने मोजू नका. चालून मोजा. मध्ये महामार्ग असतो, दुभाजकाला तोंड नसतं, ओढ्यावर साकव नसतो, सोसायटीचं मागचं फाटक कायम बंद असतं. मी एकदा एका गटाबरोबर चालले तेव्हा खिडकीतून समोर दिसणाऱ्या बागेला पोचायला पाऊण किलोमीटरचा वळसा पडला. बरोबर एक आजी होत्या, नातवाचं बोट धरून. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, “मी इथंच बसते, तुम्ही जाऊन या.” आम्ही ती बाग यादीतून काढली.

आजी-नातवाच्या चालीने दहा मिनिटं, ही माझी हद्द.

विकास आराखड्यात जवळच बागेचं आरक्षण आहे. ते धरून चालायचं ना?

जागेवर जाऊन बघितल्याशिवाय नाही. आरक्षण म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. झोन दाखला घ्या, सातबारा बघा, जागेवर काय उभं आहे त्याचा फोटो काढा. तक्त्यात तीन रकाने ठेवा: चालू बाग, ताब्यात आलेली पण विकसित न झालेली जागा, नुसतं आरक्षण. आजच्या गरजेसमोर फक्त पहिला रकाना मांडायचा. नव्या प्रकल्पाच्या अहवालांत तिन्हींची बेरीज करून ‘परिसरात पुरेशा बागा आहेत’ असं लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे, कारण त्या बेरजेच्या भरवशावर घर घेणारा माणूस ती जागा बघायला जातो तेव्हा तिथे भंगाराचं दुकान असतं.

बाग आणि मैदान यांत एवढा फरक का करता?

कारण बागेत चेंडू आणायला बंदी असते. मुलांना हिरवळीवर पाऊल ठेवू देत नाहीत आणि मग ती पार्किंगमध्ये खेळतात.

मापं पाठ ठेवा. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, खो-खोचं २७ बाय १६, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, बास्केटबॉलचं २८ बाय १५. भोवती पळायला-पडायला जागा सोडली तरी कबड्डी आणि खो-खो मिळून हजार चौरस मीटरच्या आत बसतात, आणि मातीशिवाय फारसा खर्च नाही. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ बाय ६८, म्हणजे एकटंच सात हजारांवर. क्रिकेटचं पूर्ण मैदान एक हेक्टरहून मोठं. ते एका प्रकल्पात मागू नका, वस्तीपातळीवर मागा. मात्र प्रकल्पातली मोकळी जागा एकसंध हवी असा आग्रह धरा. यूडीसीपीआरही ती शक्यतो एकाच ठिकाणी हवी असं म्हणते. कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरलेल्या २००-२०० चौरस मीटरच्या तुकड्यांची बेरीज ५,००० भरते, पण त्यात खो-खोचं एक मैदान धड बसत नाही.

लोक जागा कशी वापरतात याची मोजणी कशी करायची?

वही, पेन्सिल, घड्याळ. ड्रोन लागत नाही. एक कामाचा दिवस, एक शनिवार, एक रविवार निवडा. सकाळी ६ ते ८, दुपारी ४ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. दर पंधरा मिनिटांनी एक फेरी मारायची आणि त्या क्षणी दिसणारी माणसं लिहायची: मूल, तरुण, प्रौढ, ज्येष्ठ, बाई की पुरुष, चालतंय, खेळतंय की बसलंय. परीक्षांचा काळ, गणपतीचे दिवस आणि भर पाऊस टाळा. महापालिकांच्या अनेक बागा दुपारी बंद असतात. कुलूप दिसलं तर तेही लिहा. रात्रपाळी करणाऱ्याला आणि दुपारी मोकळ्या होणाऱ्या गृहिणीला ती बाग नाहीच.

रिकामे रकाने नीट बघा. एका मैदानावर आम्ही मोजलं तेव्हा संध्याकाळचा मुलींचा रकाना जवळजवळ कोरा राहिला. मुलींना खेळायचं नसतं असा निष्कर्ष एकाने लगेच काढला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शाळेतल्या मुलींशी बोललो. मैदानाच्या शौचालयाला कुलूप, दिवा एकच आणि तोही प्रवेशाजवळ, आत जायला वाट एकच आणि तिच्यावर टपरीचा घोळका. यातली एकही गोष्ट चौरस मीटरमध्ये येत नाही. तेव्हापासून माझ्या तक्त्यात शौचालय, पिण्याचं पाणी, दिवे आणि दुसरी वाट हे चार रकाने कायमचे आले.

पायवाटांचं मूल्यमापन म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे ‘ट्रेल’ वगैरे नाहीत.

आहेत, आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही इतकंच. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, ओढ्याकाठची गुरांची वाट, देवराईकडे किंवा म्हसोबाच्या ठाण्याकडे जाणारी पायवाट. शहराच्या कडेच्या प्रत्येक गावात हे जाळं तयार आहे. पिढ्यान् पिढ्या वहिवाटीने पडलेलं, चढ-उताराचा नीट विचार केलेलं, बहुतेक ठिकाणी झाडांच्या सावलीतलं. नवा प्रकल्प आला की सगळ्यात आधी गिळली जाते ती ही वाट. कुंपण एका दिवसात उभं राहतं. दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं शाळेला महामार्गाच्या कडेने जातात.

म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. जुन्या वाटा त्यावर तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. उपग्रहाच्या चित्रावर तो ठेवून बघा आणि प्रत्येक वाट चालून या. बरोबर गावातला एखादा म्हातारा माणूस असू द्या. कोणती वाट पावसात बंद होते, कोणत्या वाटेने पालखी जाते, कुठे पूर्वी बैलगाडी जात होती, हे नकाशा सांगणार नाही. कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा सरकारच्या मालकीच्या असतात. त्याच कायद्याचं कलम १४३ शेताच्या बांधावरून जाण्याच्या हक्काबद्दल आहे. आणि वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतकरी या कलमांचा वापर वर्षानुवर्षं करत आले आहेत. शहरातून तिथे राहायला गेलेल्या आपल्यासारख्यांना ती माहीतच नसतात.

प्रकल्पाच्या नकाशात मागायचं ते असं: जुनी वाट आहे त्याच जागी, सर्वांना खुली, चालायला किमान १.८ मीटर सलग रुंदी (भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेतलं किमान माप). शक्य तिथे मातीची किंवा मुरमाची. आणि ती कुठेतरी पोचली पाहिजे. सोसायटीच्या भिंतीच्या आत गोल गोल फिरणारा २०० मीटरचा जॉगिंग ट्रॅक ही वाट नव्हे.

जवळ टेकडी आहे. मग बागेची काय गरज?

हा प्रश्न पुण्यातच विचारला जातो. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी यांच्यावर पुणेकरांचा जीव आहे, माझाही आहे. पहाटे साडेपाचला टेकडी चढणारी माणसं एकमेकांना नावाने नाही तर टोपीच्या रंगाने ओळखतात. पण चार वर्षांचं मूल आणि गुडघेदुखीची आजी टेकडी चढत नाहीत. तिथे खो-खोही खेळत नाहीत. टेकडी बागेची जागा घेऊ शकत नाही.

उलट बाजूनेही बघा. १९९७ मध्ये पुण्यात आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. साडेनऊशेहून अधिक हेक्टरच्या या आरक्षणाला राज्य सरकारने २०१५ मध्ये मंजुरी दिली, त्याआधी लोकांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. शिवाय १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. बागांची तूट टेकडीवर ढकलली की टेकडीवर फरसबंदी, दिवे, व्यायामाची यंत्रं आणि सेल्फी पॉइंट येतात. या टेकड्या मुळात गवताच्या आणि खुरट्या झाडोऱ्याच्या. गिरिपुष्पाच्या लागवडीने त्यांचं पुरेसं नुकसान आधीच केलं आहे. टेकडी वाचवायची असेल तर तिच्या पायथ्याशी पुरेशी मैदानं आणि बागा हव्यात. पायथ्याच्या प्रत्येक प्रकल्पाच्या हरकतीत मी हे वाक्य घालते.

ओढ्याकाठची जागा बाग म्हणून दाखवली आहे. चालेल का?

नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, बांधकामाला बंदी आहे. बाग, मैदान यांसारखे मोकळे वापर चालतात. त्यामुळे तिथे बाग असणं चांगलंच. पण संपूर्ण मोकळी जागा तिथेच दाखवली असेल तर विचारा की जून ते सप्टेंबर मुलं कुठे खेळणार? आणि भराव घालून ‘लॅण्डस्केप’ करणार असतील तर हरकत घ्याच, तो भराव पलीकडच्या काठावरच्या वस्तीत पाणी शिरवतो.

गावठाणातल्या लोकांचा या मोजणीशी काय संबंध? प्रकल्प तर खासगी जागेवर आहे.

ज्या माळावर प्रकल्प येतोय तिथे आजवर कोण काय करत होतं, हे कुठल्याच अहवालात नसतं. मुलं क्रिकेट खेळत होती. जत्रेत कुस्त्यांचा फड तिथेच पडत होता, पाळणे लागत होते, बैलगाड्या सुटत होत्या. मालक खासगी असला तरी वापर गावाचा होता. प्रकल्पामुळे ६,००० माणसांची नवी गरज तर येतेच, पण गावाची जुनी सोय जाते तीही तुटीत मिळवायची. हे लिहायला सरपंच किंवा माजी सरपंच, तालमीचे वस्ताद आणि बचत गटातल्या बायका, अशा तिघांशी तरी बोला. बचत गटाच्या बायकांनी एका गावात मला सांगितलं की त्यांना बाग नकोय, देवळामागचा पार आणि त्याच्या भोवतीची सावली टिकली तर पुरे. माझ्या तक्त्यात पारासाठी रकानाच नव्हता. मी तो घातला.

म्हणूनच ॲमेनिटी स्पेसला रस्त्यावरून थेट वाट हवी. सोसायटीच्या फाटकातून आत जाऊन गाठायची सार्वजनिक बाग कोणीच वापरत नाही.

व्हीलचेअर, पाळणागाडी, काठी घेऊन चालणारे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सार्वजनिक जागा सर्वांना वापरता आल्या पाहिजेत. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, फाटकाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. दुचाकी आत येऊ नये म्हणून लावलेलं फिरतं फाटक व्हीलचेअरलाही अडवतं. बाकांना पाठ आणि हात असले की ज्येष्ठांना उठता येतं. मोजणीला जाताना पाळणागाडी घेऊन जा, बरंचसं आपोआप कळतं.

जुनी झाडं आहेत, त्यांची नोंद या कामात करायची का?

हो. मे महिन्यात दुपारी ४ वाजता सावली कुठे पडते ते टिपा, मुलं तिथेच खेळणार. ५० वर्षांहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण आहे. चिंच, वड, आंबा अशी झाडं असतील तिथेच मोकळी जागा आखा अशी मागणी करा.

हे सगळं कोणाकडे आणि केव्हा द्यायचं?

वेळ चुकली की कितीही चांगली मोजणी फुकट जाते, म्हणून नीट सांगते. एखाद्या खासगी लेआउटला मंजुरी देताना शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची पद्धत नाही. आपला हक्काचा दरवाजा विकास आराखड्याच्या वेळी उघडतो. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात, नंतर कलम २८ खाली नियोजन समितीपुढे सुनावणी. नोटीस निघाल्यावर मोजायला बसलात तर तीस दिवस पुरत नाहीत, मोजणी आधीच तयार हवी. दुसरा दरवाजा कलम ३७ चा: आराखड्यात किरकोळ फेरबदल करताना, म्हणजे आरक्षण हलवताना किंवा बदलताना, पुन्हा हरकती मागवल्या जातात. ‘बाग’ काढून ‘पार्किंग’ करायचं असेल तर ते याच वाटेने येतं. वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या जाहीर सूचना वाचायची जबाबदारी गटातल्या एकाकडे द्या. हे काम कंटाळवाणं आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं.

मंजूर लेआउट आणि मोकळ्या जागेचा तपशील मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: १० रुपये, ३० दिवस.

न्यायालयाने बागेची जागा वाचवल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते प्रत्येक गटाने वाचावं. बेंगळुरूमध्ये बागेसाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी रुग्णालयाला देण्यात आली. परिसरातले रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये बेंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. रुग्णालय चांगलंच असतं, पण म्हणून बागेची जागा त्याला देता येत नाही, आणि त्या भागातल्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे, या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट झाल्या.

आम्ही प्रकल्पात राहायला आलो आहोत. आता मोजून काही उपयोग?

आहे. रेरा कायद्यात बागा आणि खेळाच्या जागा सामाईक क्षेत्रात मोडतात आणि त्या रहिवाशांच्या संस्थेकडे हस्तांतरित व्हायला हव्यात. मंजूर आराखड्यात किंवा सामाईक क्षेत्रात मोठा बदल करायचा तर कलम १४ नुसार दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. अशी संमतीपत्रं बऱ्याचदा ताब्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात मधेच असतात, सही करण्याआधी वाचा. मग महारेराच्या संकेतस्थळावरचा मंजूर नकाशा छापून घ्या, ३० मीटरचा टेप घ्या आणि एका रविवारी सकाळी मोकळ्या जागेच्या चारही बाजू मोजा. सांडपाण्याचा प्रकल्प, ट्रान्सफॉर्मर, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी आखलेले पट्टे यांनी किती जागा खाल्ली ते वेगळं लिहा. नकाशावरचा आकडा आणि टेपवरचा आकडा शेजारी शेजारी मांडून, मोजणाऱ्या सगळ्यांच्या सह्या आणि तारीख घालून तो कागद कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जागेची मालकी सोसायटीच्या नावावर करण्याच्या, फाइलमध्ये लावून ठेवा.